मावशीच्या डब्यातला खाऊ

जगात आजवर जितक्या नर्सबाया होऊन गेल्या असतील, त्यांत भुलाबाईच्या खेळापायी सरकारी नोकरी पणाला लावणारी माझी थोरली मावशी एकटीच. वाशीमकडच्या शिरपूरजवळ असलेल्या आमच्या गावातली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलेली. त्या हक्कानं ती कुणालाही त्याच्या बापादेखत कान धरून आंघोळीला पिटाळी. दिवसभर उन्हातान्हात बाळंतिणींमागे पळे. पण भादव्याची पुनव आली की कोजागिरीपर्यंत रोज दिवेलागणीला चाळिशी उलटलेली ही बाई आम्हा परकरी पोरींबरोबर टिपऱ्या घेऊन घरोघर गाणी म्हणत हिंडे. आवाज अगदी बेसूर, पण उत्साह असा की गोठ्यातली म्हैस दावं तोडू पाही. कुणी बाई अडली असेल तर गाणं अर्ध्यात टाकून ती धावे. नुसतं पोट दुखणाऱ्याला मात्र ओवा चघळून सकाळी यायला सांगे. लहानपणीच विधवा झाल्यामुळे तिची भुलाबाई तेव्हा बंद झाली होती. त्याची कसर ती आता भरून काढत होती.

गाणी संपली की घरच्या बाईनं बंद डब्यातला खाऊ वाजवून दाखवायचा, आम्ही ओळखायचा आणि नाही ओळखला तर "हरलो" म्हणायचं, ही रीत. मावशीचा खाऊ कधीच वाजत नसे. बाळंतपणाची अवजारं ठेवायच्या स्टीलच्या डब्यात, सरकारी कापसात गुंडाळून ती तो आणी. अवजारं तेवढ्या वेळापुरती चुलीवर उकळत असत.

त्या पोटदुख्यांपैकीच कुणीतरी तक्रार केली. ऐन खेळात वाशीमच्या मोठ्या डॉक्टरांची जीप मावशीच्या दारात उभी राहिली. मावशीची बदली करायचं ठरवूनच ते आले होते. त्यांनी अवजारांचा डबा उघडायला फर्मावलं. आम्ही पोरींनी डब्यावर हात ठेवले. ओळखल्याबिगर डबा उघडत नाही, हे साहेबालासुद्धा लागू होतं.

साहेबांनी डबा हलवला. "कात्री. चिमटे."

"साहेब, थे खात नाईत," आमच्यातली सगळ्यात धाकटी म्हणाली.

मग साहेब इरेला पेटले. चिवडा म्हणाले, करंज्या म्हणाले, डबा कानाला लावून वाटली डाळसुद्धा म्हणाले. टोपी काढली, ओसरीवर मांडी ठोकली. शेवटी घाम पुसत "हरलो" म्हणाले आणि स्वतःच खदखदा हसले. कापसातून मुरमुऱ्याचे लाडू निघाले. दोन लाडू संपवल्यावर त्यांना आपण कशाला आलो ते आठवलं. हे काय चालवलंय, असं त्यांनी मावशीला विचारलं.

मावशी पहिल्यांदाच हळू बोलली. "साहेब, दिवसभर कानात बायाइचं कण्हणं असते. सांजच्याले पोरीइचं हासणं नाई पडलं, त सकाळी त्याइले धीर द्याले मी कुठून आणू?"

साहेबांनी टोपी घातली आणि ते जीपकडे निघाले. बदलीचा हुकूम काही आला नाही. आठवड्याभरानं शिपाई एक नवाकोरा पितळी डबा घेऊन आला. हा खाऊसाठी, आणि कापूस घरचा वापरा, असा साहेबांचा निरोप होता.

पुढे मीही नर्स झाले. मोठ्या शहरात, मोठ्या दवाखान्यात. संध्याकाळी घरी येते तेव्हा कानात दिवसभराचं कण्हणं तसंच असतं. हसायची वेळ मावशीनं साहेबासमोर उभं राहून मागून घेतली होती. मला ती कधी कुणी नाकारली नाही, आणि मी ती कधी मागितलीही नाही.