वीतभर अंतरावरची टिकटिक

डॉक्टरांनी मनगटावरचं घड्याळ काढलं, माझ्या डाव्या कानाला जवळजवळ टेकवलं आणि विचारलं, "गुरुजी, काही ऐकू येतंय?"

मी डोळे मिटून नीट लक्ष दिलं. मग अदबीने म्हटलं, "डॉक्टरसाहेब, तुमचं घड्याळ बंद पडलंय."

त्यांनी ते स्वतःच्या कानाला लावून पाहिलं आणि माझ्या डोळ्यांपुढे धरलं. सेकंदकाटा तुरुतुरु चालला होता. "घड्याळ चालू आहे," ते म्हणाले. माझ्या बायकोने तोंडाला पदर लावला. ती हसत होती की रडत होती, हे मला आजतागायत कळलेलं नाही. विचारलं की म्हणते, दोन्ही.

ही गोष्ट साठ सालानंतरची, बेळगावातल्या एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातली. ज्यांच्या घरात झांज, ताशा, ढोल नाहीतर लाऊडस्पीकरचा कर्णा वाजतो, त्यांच्यासाठी मी ती लिहून ठेवतो आहे. मी मालवणजवळच्या एका खाडीकाठच्या गावात प्राथमिक शिक्षक होतो आणि आमच्या भजनमंडळीत पेटी वाजवत होतो. दोन्ही कामं कानाची. एक कान गेला तर भागतं, असं म्हणायची सोय नव्हती, कारण दुसराही त्याच वाटेने निघाला होता.

सुरुवात झाली आदल्या वर्षीच्या चतुर्थीला. आमच्याकडे गणपती आले की मंडळी घरोघर भजनाला जाते. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत सात-आठ घरं सहज होतात. प्रत्येक घरी तेच माजघर, तेच ठेंगणं कौलारू छप्पर, पुढे गणपती आणि आम्ही बारा-तेरा जण एकमेकांच्या मांडीला मांडी लावून. पखवाज, पेटी, टाळ, आणि झांजांच्या चार जोड्या. भजन रंगात आलं की गजर सुरू होतो. गजर म्हणजे सगळ्यांनी मिळून लय वाढवत वाढवत असा कडकडाट करायचा की कौलांवरची मांजर उडी मारून शेजारच्या घरी जाते. मग हात धुवायचे, काळ्या वाटाण्याची उसळ नि चहा, आणि पुढचं घर.

आमच्यात भजनाची एक परीक्षा होती. दुसऱ्या दिवशी सकाळी कान वाजत असले तर भजन उत्तम. नुसते जड असले तर बरं. काहीच नसलं तर वाया. आमच्या मंडळीचे मुख्य गायक आबाबुवा सकाळी सकाळी अंगणातूनच विचारायचे, "दत्ता, कान वाजतत रे?" मी "वाजतत, बुवानू!" म्हटलं की त्यांचा चेहरा खुलायचा. "मगे देव कानात येवन बसलो!" म्हणायचे. मीही छाती फुगवून शाळेला जायचो. आज आठवलं की कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो.

त्या वर्षी देव बसला तो उठलाच नाही. पाचव्या दिवशी डाव्या कानात 'सींऽऽ' असा बारीक आवाज सुरू झाला. गणपती गेले, नवरात्र गेलं, आवाज तसाच. पहिले दोन दिवस मला खात्री होती की घरात रातकिडा शिरलाय. मी बायकोला माजघरातली कणगी हलवायला लावली, लाकडं उपसायला लावली. शेवटी ती केरसुणी हातात घेऊन माझ्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "किडो घरात नाय. तुमच्या डोक्यात आसा."

या आवाजाला डॉक्टर टिनिटस म्हणतात. बाहेर काही वाजत नसताना कानात वाजत राहणं, एवढाच त्याचा अर्थ. तो स्वतः रोग नव्हे, कानाने दिलेली हाक आहे. आम्ही त्या हाकेला देवाची पावती समजत होतो.

पुढे घरगुती उपाय झाले. खोबरेल तेलात लसूण कढवून ते कानात. कुणी सांगितलं म्हणून आल्याचा रस. एका शेजाऱ्याने तर तंबाखूचा धूर नळीने कानात सोडला, त्याने मला ठसका लागला आणि त्याला हसू. डॉक्टरांनी ही यादी ऐकली तेव्हा कपाळाला हात लावून म्हणाले, "कानाची फोडणी केलीत की हो! याउपर काहीही ओतायचं नाही."

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण शाळेत एक गोष्ट घडली. मागच्या रांगेत शालन नावाची एक गुणी मुलगी बसायची. तिला मी पाढा विचारला. तिचे ओठ हलताना दिसले, आवाज नाही. मी म्हटलं मोठ्याने म्हण. पुन्हा ओठच हलले. मी खेकसलो, "तोंडात काय खडीसाखर धरलीस?" पोर रडायलाच लागली. शेजारची मुलगी म्हणाली, "गुरुजी, ती बरोबर सांगता. तीन वेळा सांगल्यान." मला इतकी लाज वाटली की त्या दिवशी मी शाळा सुटल्यावर घराकडे न जाता खाडीच्या धक्क्यावर जाऊन बसलो. पोरींचे बारीक आवाज माझ्यापर्यंत पोचत नव्हते आणि मी वर्षभर त्यांनाच रागवत होतो.

घरी येऊन बायकोला सांगितलं. आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, "आयकलांत?" म्हणून हाक मारतात. ती म्हणाली, "मी दिवसाक वीस वेळा आयकलांत म्हणतंय. तुमका एकदा तरी आयकाक ईला?" मग तिनेच तिच्या बेळगावच्या मामांना पत्र टाकलं, कानाचा डॉक्टर बघा म्हणून.

श्रावणात आम्ही सावंतवाडीहून एस.टी.ने निघालो. आंबोलीला पाऊस असा की गाडीच्या आत छत्री उघडावी. घाट चढताना साऱ्या गाडीच्या कानात दडे बसले. लोक आवंढे गिळत होते, जांभया देत होते. माझेही दडे सुटले, आणि मला वाटलं, सुटलो! पण दड्यामागे 'सींऽऽ' शाबूत होतं. वरच्या थांब्यावर बायकोने चहा घेतला. मी माझा कप तिलाच दिला.

दवाखान्यात दोन तास बाकावर. पहिल्यांदा दुर्बिणीसारख्या यंत्राने कान तपासले. पडदा ठीक होता. मग ट्यूनिंग फोर्क, म्हणजे पोलादाचा दोन दाती चिमटा. तो ठोकून कपाळावर टेकवतात आणि आवाज कुठल्या कानात जास्त येतो ते विचारतात. त्यावरून खोट कानाच्या बाहेरच्या भागात आहे की आतल्या नसेत, ते समजतं. मग घड्याळ, त्याचं मघाशी सांगितलंच. दुसऱ्या दिवशी ऑडिओमेट्री. एका लहानशा खोलीत बसवून दोन्ही कानांवर चकत्या लावतात, आत बारीक-मोठे आवाज सोडतात, ऐकू आला की बोट वर करायचं. मी पहिलीतल्या पोरासारखा बोट वर करत होतो. काही वेळा तर नुसत्या आशेवरच केलं.

डॉक्टरांनी कागद पुढे ठेवला. जाड्या आवाजांची रेघ सरळ चालत आली होती आणि बारीक आवाजांपाशी येऊन आंबोलीचा घाट उतरावा तशी खाली गेली होती. डाव्या कानाची पार तळाला. उजव्याची अर्ध्यावर.

"तोफखान्यात होता का?"

"नाही हो. मास्तर आहे. फावल्या वेळात पेटी वाजवतो."

"पेटीने कान जात नाही. पेटीच्या शेजारी कोण बसतं?"

मी सांगितलं. डावीकडे झांजेच्या दोन जोड्या, उजवीकडे आबाबुवा, पलीकडे आणखी दोन जोड्या. "किती अंतर?" मी बोटांपासून मोजून दाखवलं, अंतर कोपरापर्यंतसुद्धा गेलं नाही.

मग त्यांनी समजावलं. कानाच्या आत कॉक्लिया असतो, म्हणजे गोगलगायीच्या शंखासारखी वेटोळी नळी. तिच्यात केसांसारख्या नाजूक पेशींची शेती असते. "वाऱ्यापावसात भात आडवं पडतं की नाही? तसं मोठ्या आवाजाने हे केस आडवे होतात. उसंत मिळाली तर उठतात. तुम्ही अकरा दिवस, दिवसाला आठ घरं झोडपता. मग ते मरतात. आणि हे पीक पुन्हा लावता येत नाही."

"म्हणजे औषध?"

"गेलेल्याला नाही. राहिलेल्याला आहे, पण ते बाटलीत मिळत नाही. झांजेपासून लांब बसा. कोंडलेल्या खोलीत गजर नको, उघड्यावर करा. मध्ये मध्ये कानाला उसंत द्या. कोरड्या कापसाने फारसं अडत नाही, मेण चोळून बोळा करा. आणि दर महिन्याला घड्याळ उजव्या कानाशी धरून बघा." त्यांनी धरलं. एक वीत अंतरावर टिकटिक ऐकू आली. किती गोड होती म्हणून सांगू! "ही वीत सांभाळा, गुरुजी. ती गेली की शाळा आणि पेटी दोन्ही गेली."

मी उठलो, तेवढ्यात त्यांनी सहज विचारलं, "आणि ते बुवा? त्यांना नीट ऐकू येतं?"

"छे छे! आबाबुवांचा कान म्हणजे काय विचारता! माझी एक पट्टी चुकली तरी…" बोलता बोलता मी थांबलो. बुवा गाताना सारखे माझ्या बोटांकडे बघत असत. मला वाटायचं, चुका काढतात. आणि दरवर्षी त्यांची एकच तक्रार असे, हल्लीची पोरां झांज मऊ वाजवतत. म्हणून दरवर्षी झांजा वाढत होत्या. दोनाच्या तीन, तिनाच्या चार.

परतल्यावर तिसऱ्या दिवशी दुपारी बुवांच्या ओटीवर गेलो. चतुर्थीला तीन आठवडे होते. मी ओरडून ओरडून सगळं सांगितलं. मेणाच्या बोळ्यांपर्यंत आलो आणि बुवा भडकले. "देवाच्या म्होरे कानात बोळे घालून बसतलंस? लाज वाटणा नाय तुका? कान वाजाक नाय तर ता भजन कसला?"

वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी मनगटावरचं घड्याळ काढलं आणि त्यांच्या कानाला लावलं. पहिल्यांदा उजव्या, मग डाव्या.

बुवा म्हणाले, "बंद पडला रे तुझा घड्याळ."

मला हसू यायला हवं होतं, ते आलं नाही. मी घड्याळ त्यांच्या डोळ्यांपुढे धरलं. ते बघत राहिले. "काटो तर फिरता," एवढंच पुटपुटले. आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "चार वर्सां सांगतंय मी! माका म्हणतत, तू मोठ्यान बोलणंस नाय!" बुवांना तेही ऐकू आलं नाही. मी ते ओरडून सांगितलं, तेव्हा ते पहिल्यांदा हसले.

त्यांनी घड्याळ हातात घेतलं, पालथंसुलटं केलं आणि विचारलं, "तुझो एक कान रवलो मा?"

"एक रवलो, बुवानू. अर्धो."

"मगे तो घालवचो नाय," म्हणाले.

चतुर्थीला पहिल्याच घरी मंडळी नेहमीसारखी दाटीवाटीने बसायला लागली, तर बुवांनी काठी आपटली. झांजेची एक जोडी आत, ती दारापाशी. बाकीच्यांनी पडवीत. गजर अंगणात. दोन घरं झाली की घटकाभर थांबायचं. झांजवाले कुरकुरले. एक तर फणकाऱ्याने म्हणाला, एवढ्या लांबून देवाला काय पोचणार? बुवांनी त्याचे ओठ वाचले असणार. खिशातून मेणाचे बोळे काढून त्यांनी पहिल्यांदा माझ्या कानात कोंबले, मग सगळ्यांकडे वळून म्हणाले, "देव काय माझ्यासारखो भैरो नाय. हळू वाजवा, तेका आयकाक येता."

भजन सुरू झालं. बुवा माझ्या शेजारी सरकून बसले आणि डावा पंजा त्यांनी पेटीच्या लाकडावर ठेवला. सूर त्यांना तिथून, हातातून मिळत होता. त्या दिवशी ते गेल्या पाच वर्षांत गायले नव्हते इतके सुरात गायले. यजमानीण बाई म्हणाली, आज पहिल्यांदा अभंगाचे शब्द कळले.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओटीवर बसून घड्याळ उजव्या कानाशी धरलं. बायको पट्टी घेऊन समोर उभी. वीत. पुरी वीत. बायकोने पट्टी टाकली आणि देवापुढे गूळ ठेवला. डाव्या कानातला रातकिडा आजही आहे, त्याच्याशी माझं बरं जमतं. शालनला मी पहिल्या रांगेत बसवलं आणि सगळ्या वर्गासमोर तिची माफी मागितली. मास्तराने माफी मागितलेली त्या पोरांनी कधी पाहिली नव्हती, एक-दोघी तर घाबरल्याच.

तुमच्या घरात कुणी झांज, ढोल वाजवत असेल, तर कान वाजण्याची फुशारकी मारू नका. तीनदा हाक मारली असं बायको म्हणाली, तर तिचंच खरं समजा.

तेव्हापासून आमच्याकडे एक नवी चाल पडली आहे. विसर्जनानंतरच्या सकाळी सगळी मंडळी माझ्या ओटीवर रांगेत बसते आणि मी एकेकाच्या कानाशी घड्याळ धरतो. ज्याची वीत कमी झाली, त्याची झांज पुढच्या वर्षी दुसऱ्याकडे जाते आणि त्याच्या हाती टाळ येतो. रांगेत शेवटी आबाबुवा असतात. त्यांना ठाऊक असतं, मलाही ठाऊक असतं. तरी ते डोळे मिटतात, मन लावून कान देतात आणि गंभीरपणे सांगतात, "बंद पडला रे तुझा घड्याळ." सगळी ओटी हसते. बुवांना ते हसणं ऐकू येत नाही, पण ते डोळे उघडून एकेकाचा चेहरा बघतात आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात मोठ्याने हसतात.