चुन्याखालची ओळ

बायकोला सांगायचं राहिलं, ती गेली. निताईदाला सांगायची संधी समोर चालून आली होती, तेव्हा जीभ रेटली नाही, तोही गेला. महिन्याभरापूर्वी एका मुलीला सांगितलं – आयुष्यात पहिल्यांदा, आणि तेही नाइलाजानं. आता तुम्हाला सांगतो. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून सोपं जाईल असं वाटलं होतं. जातंय का? बघू.

आधी थोडी बढाई मारतो, कारण तेवढी खरी आहे. गोंदियात मला उस्ताद म्हणतात. खरं नाव रेशनकार्डावर आहे, लोकांना त्याची गरज पडत नाही. स्टेशनापासून मैदानापर्यंत चालत निघालो तर वीस मिनिटांच्या वाटेला तास लागतो. सलूनवाल्याच्या आरशावर माझा फोटो आहे – डोक्यावर केस होते तेव्हाचा. लोको शेडमध्ये फिटर होतो, पण शेडमधला माझा हात कुणाला आठवत नाही, पाय आठवतात. पंधरा वर्षं या शहराकडून खेळलो, नंतर चाळीस वर्षं पोरांना शिकवलं. आणि मैदानाच्या भिंतीवर निळ्या रंगात, हातभर उंच अक्षरांत एक ओळ होती – ‘जिसने कलकत्ता छोड़ा, गोंदिया नहीं’.

ती ओळ माझ्याबद्दल. मागच्या आठवड्यात कुणीतरी तिच्यावर चुना फासला. तो मीच.

काऊन? – आमच्याकडे ‘का’ हे असंच विचारतात. तेच तर सांगायला बसलोय.

मी तेव्हा एकवीस वर्षांचा. निताईदा रेल्वेत गार्ड होता, मूळचा बंगालचा, आणि फुटबॉलसाठी जीव टाकणारा. ड्यूटीवरून उतरला की घरी जायच्या आधी मैदानावर यायचा, डबा मांडीवर ठेवून आमचा खेळ बघायचा. कलकत्त्याच्या एका मोठ्या क्लबात त्याचा शब्द चालायचा. तोवर त्यानं कुणासाठी शब्द टाकला नव्हता; माझ्यासाठी टाकला. क्लबानं चाचणीला बोलावलं. निघताना त्यानं मला आपली अंथरुणाची होल्डॉल दिली, गळ्यात मफलर गुंडाळला – भर उन्हाळ्यात. गोंदियाचं पोरगं कलकत्त्याला खेळणार, ही बातमी आमगावपर्यंत गेली होती.

आमचं मैदान मुरमाचं. तिथं चेंडू टणकन उडतो, आणि तो कुठं उडणार हे माझ्या पायाला कळायचं. आम्ही कॅनव्हासचे बूट घालून खेळायचो. कलकत्त्यात हिरवंगार गवत होतं, त्यावर पाणी मारलेलं, आणि पायात क्लबानं दिलेले खिळ्यांचे बूट. चाचणीच्या आदल्या दिवशी सराव झाला. पहिला चेंडू आला – मी पडलो. उठलो. दुसरा आला, पुन्हा पडलो. तिसऱ्या वेळी कुणीतरी बंगालीत काही बोललं आणि सगळे हसले. काय बोलला ते मला आजही माहीत नाही. चांगलंही बोलला असेल. मला विचारायचंही धैर्य झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचणी होती. क्लबाच्या खोलीवरची बाकीची मुलं तोंड धूत होती. मी बुटांच्या नाड्या एकमेकींत बांधून बूट खाटेखाली ठेवले, होल्डॉल उचलली आणि कुणाला काही न बोलता हावड्याला आलो. मनाशी म्हणत होतो, ताप आहे. ताप नव्हता. भेव होता, भीती. मी चाचणीत नापास झालो नाही – मी चाचणी दिलीच नाही. इतकंच आहे. इतकंच सांगायला पन्नासच्या वर वर्षं लागली.

पण खोटं अजून सुरू व्हायचं होतं.

रविवारी सकाळी गाडी गोंदियाला लागली. फलाटावर ही गर्दी, ताशे वाजताहेत. मला वाटलं, ह्यांना कळलं कसं? तर त्याच गाडीनं दुर्गचा संघ आला होता. संध्याकाळी आमच्या स्पर्धेची फायनल होती, पाहुण्यांना घ्यायला मंडळी आली होती. मला ती फायनल आठवतसुद्धा नव्हती. हे नीट वाचा – आठवतसुद्धा नव्हती. मी मागच्या डब्यातून मान खाली घालून उतरलो, आणि आमच्या संघाच्या सेक्रेटरीनं मला बघितलं. मग दोन्ही हात वर करून ओरडला, “आ गया रे! कलकत्ता छोड़ के फायनल खेलने आ गया!”

दुर्गवाल्यांसाठी आणलेला हार माझ्या गळ्यात पडला. मला खांद्यावर उचललं. वरून सगळं स्टेशन दिसत होतं. एक शब्द बोललो असतो तर खाली उतरवलं असतं. बोललो का? नाही. मी हसलो.

आणि संध्याकाळी – हे मात्र कुणी माझ्याकडून काढून घेऊ शकत नाही – संध्याकाळी मी खेळलो. असा खेळ आयुष्यात पुन्हा झाला नाही. मध्यंतरापर्यंत आम्ही एका गोलानं मागं होतो. पोरं भिंतींवर, झाडांवर, राइस मिलच्या पत्र्यावर. पहिला गोल डोक्यानं केला. दुसरा शेवटच्या मिनिटांत: चेंडू मुरमावर उडाला, सगळ्यांना वाटलं बाहेर जाणार, मला ठाऊक होतं कुठं येणार. डावा पाय. जाळी नव्हतीच, चेंडू गोलातून निघून थेट रस्त्यावरच्या पानठेल्यात घुसला. ठेलेवाल्यानं तो परत दिला नाही, मरेपर्यंत दुकानात टांगून ठेवला. त्या दिवशी गोंदिया जिंकलं, आणि मीही जिंकलो. ते दोन गोल खोटे नाहीत. खोटं आहे ते त्यांच्या आधीचं.

आठवड्यानं निताईदा घरी आला. हातात क्लबाचं पत्र. मुलगा मैदानावर आलाच नाही, बूट खाटेखाली सापडले, असं त्यात असणार. त्यानं वाचून दाखवलं नाही. बसला, पाणी प्यायला आणि एवढंच विचारलं, “उधर खाना ठीक से मिला था न?”

खरं सांगायला त्यानं दार उघडून धरलं होतं. मी काय म्हणालो असेन? म्हणालो, “गोंदिया नहीं छूटा, दादा.”

त्यानं मान हलवली. पत्राची घडी घातली, खिशात ठेवली आणि शहरात कुणालाही कधी काही सांगितलं नाही. पण त्यानंतर त्यानं कुणासाठीही शब्द टाकला नाही. कशाच्या जोरावर टाकणार होता? त्याचा शब्द मी खाटेखाली ठेवून आलो होतो.

मग गोष्ट वाढत गेली. ती मी वाढवली. लोकांवर ढकलत नाही. सत्कारांत विचारायचे, कलकत्ता सोडताना काय वाटलं? मी सांगायचो, क्लबवाले हात जोडत होते. एका वर्षी तर त्यांनी देऊ केलेल्या जर्सीचा नंबरही सांगितला – सात. पोरांना अभिमानानं म्हणायचो, गोंदियाचे खेळाडू गोंदिया सोडत नाहीत. चाळीस वर्षांत माझ्या हाताखालून शेकडो पोरं गेली, त्यांतलं एकही बाहेर खेळायला गेलं नाही. मी त्याला प्रेम म्हणत होतो.

आता रमशीलाचं सांगतो. कचारगडाजवळच्या एका गावची गोंडांची मुलगी. अकरा वर्षांची असताना गोंदियाच्या वसतिगृहात आली, तेव्हापासून माझ्या मैदानावर. आता एकोणीसची आहे. तिचा डावा पाय – जाऊ द्या, माझ्यापेक्षा बरा आहे. दोन महिन्यांपूर्वी बंगळूरच्या एका संघानं तिला चाचणीला बोलावलं. मी पेढे वाटले. आणि ती म्हणाली, जाणार नाही. वसतिगृहाच्या बाईंनी समजावलं, बाप शेत सोडून गावाहून आला. ती हलेना. जायच्या दोन दिवस आधी सकाळी मी तिला मैदानावर गाठलं. तिनं भिंतीकडे बोट केलं.

“तुमी बी त गोंदियासाठीच वापस आले ना, उस्ताद? मंग मी काऊन जाऊ?”

भिंतीवरची ओळ तिनं आठ वर्षं रोज वाचली होती. आणि मी ती तिच्या वाटेत उभी केली होती.

तेव्हा सांगितलं. उभ्यानंच. गवत, बूट, हसणं, खाटेखालच्या नाड्या, निताईदाच्या हातातलं पत्र, सात नंबर. तिनं सगळं ऐकलं. रागावेल असं वाटलं होतं, रडेल असंही. तिनं विचारलं, “म्हंजे तुमाले भेव लागला होता?”

“हो.”

“मले बी लागून राहिला,” ती म्हणाली. आणि हसली – आठ वर्षांत मी तिला असं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं. “मले वाटे, भेव मलेच लागते. उस्तादाले नाई लागत.”

दोन दिवसांनी मी तिला गाडीत बसवून दिलं. फलाट तोच. गाडी हलली तेव्हा ती दारातून वाकून म्हणाली, “हारली तरी खेलूनच येईन.”

हरली नाही. तीन वेळा पडली, असं तिनं फोनवर सांगितलं. तीनही वेळा उठली. संघानं तिला ठेवून घेतलं. तिचा पहिला सामना आम्ही मैदानावरच पाहिला – एका मोबाइलभोवती तीसेक पोरं आणि मी. तिनं डाव्या पायानं गोल मारला आणि माझ्या दोन्ही गुडघ्यांनी वैर धरलेलं असताना मी नाचलो. माझ्या दोन गोलांच्या वेळी झाला होता त्याहून जास्त आनंद झाला. हा आनंद कुठंही लपवायचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी चुन्याची बादली घेऊन भिंतीपाशी गेलो.

मला वाटलं, लोक विचारतील आणि मी सांगेन. कुणी विचारलंच नाही. शहरात बोलणं सुरू झालं, उस्ताद कितने सादे आदमी हैं, अपनी तारीफ भी मिटा दी. मैदानाच्या समितीनं ठराव केला की ओळ पुन्हा लिहायची, या वेळी ऑइलपेंटनं, दुप्पट मोठ्या अक्षरांत. पेंटर सोमवारी येणार आहे. कळलं का तुम्हाला काय झालं ते? मी पुन्हा मागच्या डब्यातून मान खाली घालून उतरलो, आणि त्यांनी पुन्हा मला खांद्यावर घेतलं. या वेळीही हसून गप्प बसलो असतो तर लोकांना चाललं असतं, मला नाही. म्हणून हे लिहिलं. याची एक प्रत समितीच्या टेबलावर ठेवली आहे, एक सलूनवाल्याकडे, फोटोच्या खाली.

चुन्याचा पहिला हात पातळ होता, खालची निळी अक्षरं पुन्हा दिसू लागली. आज सकाळी जाऊन दुसरा हात मारला. पोरं खेळ थांबवून बघत होती. मी त्यांना खेळायला सांगितलं.