बाबांच्या शेअरचा ब्रेक

सेठजींच्या किराणा दुकानात तुरीच्या डाळीपेक्षा किस्सेच जास्त साठतात. संध्याकाळी तिथे तिघं बसतात: सेठजी, शेजारचे सायकल दुरुस्तीवाले नानाकाका आणि माझे बाबा. पेपरातले शेअरचे भाव मी वाचून दाखवते, कारण तिघांचेही चष्मे जुने झालेत. एरवी मी बोलत नाही.

'स्टॉप लॉस' हा शब्द सेठजींनी नागपूरच्या दलालाकडून आणला. शेअर घेतानाच ठरवायचं, भाव इथवर उतरला की विकून मोकळं व्हायचं. नानाकाका म्हणाले, "म्हंजे ब्रेकच ना! पन उतार लागला म्हनून कोनी सायकल विकते का?"

तरी नियम झाला. शेअर ज्याचा, त्याचा ब्रेक दुसऱ्याच्या हातात! "आपल्या लेकरावर आपला हात उठत नाई," हे नानाकाकांचंच म्हणणं.

*

पहिला उतरला तो नानाकाकांचाच शेअर. त्या दिवशी पेपरातलं भावाचं पान गायब! मला ते त्यांच्या दुकानात दिसलं, सायकलच्या चेनभोवती गुंडाळलेलं. मी नुसतं बोट दाखवलं.

सेठजी म्हणाले, "अरे नाना, थर्मामीटर लपवला तर ताप उतरते का भाऊ?"

*

सेठजींनी स्वतः वीस रुपयांचा शेअर घेतला आणि ब्रेक लावला दोन रुपयांवर!

"सेठ, हा ब्रेक नाई," नानाकाका म्हणाले, "हा विहिरीचा तळ हाय!"

*

बाबांचा ब्रेक माझ्याकडे होता. मी भांडत नाही म्हणून! त्या शेअरमध्ये माझ्या नागपूरच्या होस्टेलचे पैसे होते.

एका संध्याकाळी मी भाव वाचला आणि थांबले. ठरल्यापेक्षा खाली गेला होता.

"दोन दिवस पाहू. चढते तो," बाबा म्हणाले.

सेठजींनी नागपूरच्या दलालाला ट्रंक कॉल लावला. तो लागला आणि रिसीव्हर माझ्यासमोर आला. मी तोवर फोनवर कधी बोलले नव्हते.

"विका," मी म्हणाले.

दोन दिवस भाव खरंच चढला! बाबा जेवताना माझ्याकडे बघत नव्हते. मग तो असा घसरला, की ती ओळ मी हळू आवाजात वाचू लागले.

होस्टेलचे पैसे भरून झाले. तिघांचे आभार मला तोंडाने मानता आले नाहीत, म्हणून हे लिहिते आहे.

परवा बाबांनी नवा शेअर घेतला. "सांग, ब्रेक कुठं लावू?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. बाबांनी घाईघाईने हात जोडले.

"नोको माय! तू बोलली का विकाच लागते!"