नातेवाईक : नाही

मी पुण्याला निघाले त्या सकाळी आमच्या गावच्या, धाडच्या एसटी स्टँडवर मला सोडायला तीन माणसं आली होती : माय, बाबा आणि रामभाऊमामा. बाबा गिरणी बंद ठेवून आले होते, भुवयांवरचं पीठ तसंच होतं. माय एकच गोष्ट परत परत सांगत होती, "लोकायसमोर हळू बोलजो वं, तुहा आवाज लय मोठा आहे." आणि मामा? गाडी पुरती थांबायच्या आत त्याने खिडकीतून रुमाल टाकून माझी जागा धरली, दोन कॉलेजच्या पोरांशी त्या जागेवरून भांडला आणि जिंकलाही. गाडी हलली तेव्हा माय रडत होती. मामा म्हणाला, "रडतं काऊन बाई, कामाले जाऊन राह्यली ते." आणि स्वतःच तोंड फिरवून उभा राहिला.

हा मामा कोण, ते आधी सांगते, कारण सगळं त्याच्यावरच आहे. मायला सख्खा भाऊ नाही. रामभाऊमामा तिच्या माहेरच्या गावचा, तिच्या घरापासून दोन घरं सोडून राहणारा. माहेरच्या गावचा म्हणून तिचा भाऊ आणि तिचा भाऊ म्हणून माझा मामा, इतकं ते साधं आहे. तो नोकरीसाठी धाडला आला तेव्हापासून दर भाऊबीजेला माय त्यालाच ओवाळते. माझे कान टोचले ते त्याच्या मांडीवर. चिखलीच्या रस्त्याला एका कंपनीचं धान्याचं गोदाम आहे, तिथे तो गोदामपाल होता. रोज एसटीने जायचा-यायचा. शर्टाच्या खिशाला पोतं शिवायची दाभण कायम खोचलेली.

मी एम.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि सहा महिन्यांची इंटर्नशिप मिळाली होती. फर्म मोठी, प्रोफेशनल सर्व्हिसेसवाली. मायला सोपं करून सांगितलं की आम्ही दुसऱ्यांच्या कंपन्यांचं काम तपासतो. ती म्हणाली, "म्हंजे लोकायच्या चुका काढता." आता याला काय बोलावं? बरोबरच होतं.

तुमच्यातले जे माझ्यासारखे गाव सोडून गेले, त्यांना पहिला आठवडा कसा असतो ते सांगायला नको. पहिल्याच मीटिंगमध्ये माझ्या तोंडून निघून गेलं, "मले असं वाटते..." कोणी वाईट हसलं नाही. गोड हसले, "किती क्यूट" म्हणाले, आणि तेच जास्त झोंबलं. त्या दिवसापासून मी बोलायच्या आधी वाक्य मनात धुऊन घ्यायला लागले. मले गेलं, मला आलं. काऊन गेलं, का आलं. मायचा फोन आला की जिन्यात जायचे आणि तोंडावर हात धरून बोलायचे. ती विचारायची, "आवाज काऊन असा येऊन राह्यला? आजारी आहे का तू?" मी म्हणायचे, रेंज नाही. आमच्या बॅचला सहा जण होतो आणि शेवटी दोघांनाच पक्क्या नोकरीचं पत्र मिळणार होतं. ते मला हवं होतं. फार हवं होतं, त्यात खोटं कशाला बोलू.

चौथ्या महिन्यात माझी सीनियर, सायली, म्हणाली, "आपल्याला चिखलीजवळ एका गोदामात साठा तपासायला जायचंय. तू तिकडचीच ना?" तिने कंपनीचं नाव सांगितलं. मामाचंच गोदाम.

आमच्याकडे नियम आहे. ज्यांचं काम तपासायचं त्यांच्याकडे आपलं कोणी नातेवाईक किंवा जवळचं माणूस असेल तर आधी लिहून द्यायचं आणि त्या कामातून बाजूला व्हायचं. त्यासाठी फॉर्म असतो. मी तो पुढे घेऊन बराच वेळ बसले. नातेवाईक? रक्ताचा तर नाही. आडनाव वेगळं, जात वेगळी, रेशन कार्ड वेगळं. मी वकिलासारखा विचार करत होते. होय लिहिलं तर काम हातातून जाणार, आणि सगळ्यांना कळणार की हिचा मामा पोती सांभाळतो. मी "नाही" वर खूण केली. मोठ्या हुशारीने केली, आणि वर डब्बाही खाल्ला.

गोदामाच्या दारात आमची गाडी थांबली आणि मामा पळतच आला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं की येणाऱ्यांत मी आहे. मला पाहून त्याचं तोंड एवढं फुललं! "अरे! ही तं आमची..." एवढं म्हणाला आणि मी त्याच्या वाक्याच्या मध्येच म्हणाले, "नमस्कार. गोदामपाल आपणच का?"

त्याने सायलीकडे पाहिलं, माझ्या गळ्यातल्या आयकार्डाकडे पाहिलं. आणि म्हणाला, "हाव, मीच. या मॅडम."

मॅडम. मला. ज्याच्या मांडीवर मी कान टोचताना त्याच्या हाताला कडकडून चावले होते, तो माणूस मला मॅडम म्हणाला. दिवसभर म्हणत राहिला आणि एकदाही चुकला नाही.

त्या साली सोयाबीन ओलंच आलं होतं. ओलं सोयाबीन दाटीने रचलं तर आतून तापतं, बुरशी धरतं. म्हणून मामा अशा पोत्यांच्या थप्पीच्या मधोमध हवेला जागा सोडायचा. ही गोष्ट मला माहीत नसती तरच नवल. शाळेला सुट्टी असली की मी त्याच्यासोबत गोदामात जायचे, थप्पीवर चढून त्या खड्ड्यात पाय सोडून बसायचे. मापं घेत आम्ही कोपऱ्यातल्या दोन थप्प्यांपाशी आलो तसा तो आपणहून म्हणाला, "मॅडम, या दोन थप्प्यात मधात जागा सोडेल आहे हवेसाठी. तेवढी पोती वजा धरा."

सायलीने विचारलं, "याची नोंद कुठे आहे?"

"नोंद काय करायची त्याची? दरसाल सोडतोच."

सायली माणूस म्हणून नीट होती. तिने माझ्याकडे वळून सरळ विचारलं, "तुमच्याकडे अशी पद्धत असते का गं खरंच?" मी हो म्हणाले असते तर दुसऱ्या दिवशी हमाल लावून तिने त्या दोन थप्प्या उतरवून मोजून घेतल्या असत्या. मामा माझ्याकडे पाहत होता. विनवणी नव्हती त्याच्या नजरेत. त्याला खात्री होती, तेवढंच.

मी म्हणाले, "मला काही कल्पना नाही."

हो म्हणाले असते तर पुढचा प्रश्न आला असता, तुला कसं माहीत? आणि मग तो फॉर्म. मी एक खोटं वाचवायला दुसरं बोलले, इतकं सरळ आहे ते. आमच्या अहवालात एक ओळ गेली : दोन थप्प्या आतून पोकळ, नोंद उपलब्ध नाही, साठ्याची खात्री करता आली नाही. ती ओळ मीच टाइप केली. एकही शब्द चूक नव्हता.

कंपनीने "पोकळ" तेवढं वाचलं. आतली पोती विकली असं धरून महिन्याभरात मामाला काढून टाकलं. मायने फोनवर सांगितलं, "मामाले चोर ठरवलं गं. पुण्याहून कोणी पोरी आल्या होत्या म्हणे. तुह्या वळखीच्या आहे का?" म्हणजे त्याने तिला माझं नाव सांगितलंच नव्हतं. मी जिन्यात उभी होते. म्हणाले, "नाही." पुढे गोदाम रिकामं करताना ती पोती मोजली गेली, आणि एक पोतंही कमी निघालं नाही. पण तोवर दुसरा माणूस ठेवून झाला होता, याला परत बोलवायला कोणी आलं नाही. बाजाराच्या दिवशी भाजीवाला चेष्टेत म्हणाला, "मामा, गोबी पाहून घ्या, आतून पोकळ तं नाही ना." लोक हसले. तेव्हापासून तो बाजारात जात नाही, मामीच जाते.

पत्र मला मिळालं. आजही मी त्याच फर्ममध्ये आहे. सकाळी वॉचमन "गुड मॉर्निंग मॅडम" म्हणतो आणि आवाज मामाचा येतो. कपाटाशी कागदांच्या खोक्यांची थप्पी लागली की मी हात घालून पाहते, मध्ये भरलेली आहे ना. लोक विचारतात काय शोधतेस. एकदा मंडईजवळ खिशाला दाभण खोचलेला पाठमोरा माणूस दिसला आणि मी ऑफिस सोडून त्याच्या मागे तीन गल्ल्या चालत गेले. हाक मारायला तोंड उघडलं आणि काय म्हणून मारावी तेच सुचेना. तो वळला, कोणी दुसराच होता. मला रडू आलं, तिथेच, भर रस्त्यात. शेवटी मी सायलीला सगळं लिहून पाठवलं. तिने खूप वेळाने उत्तर दिलं की ती फाइल केव्हाच बंद झाली आहे, आणि हे तू तेव्हा सांगायला हवं होतंस.

गेल्या दिवाळीत मायलाही सांगितलं. मला वाटलं होतं ती चिडेल, थोबाडीत देईल. बरं झालं असतं. ती नुसती खाली बसली आणि म्हणाली, "मले काऊन सांगतं? त्याले जाऊन सांग."

मामाकडे जायला मला कधी पावलं मोजावी लागली नव्हती. चप्पल काढायची आणि सरळ स्वयंपाकघरात, डब्यातली भाकर काढून उभ्यानेच खायची, मामी ओरडली तर तिला ओरडू द्यायचं. त्या दिवशी मी दारातच थांबले. मामा बाहेर आला, पुष्कळ वाळला होता. मी उभ्या उभ्या सगळं बोलून टाकलं, फॉर्मसकट. "मामा, त्या कागदावर विचारलं होतं नातेवाईक आहे का. मी 'नाही' लेहलं."

तो रागावला असता तर मी पाय धरले असते. पण तो समजूत घालावी तसा म्हणाला, "खरंच लेहलं मंग तू. मी काही तुह्या मायचा सख्खा भाऊ नोय."

मग आत जाऊन त्याने खुर्ची आणली, गमछ्याने पुसली आणि माझ्यासाठी मांडली. "बस. चहा घेऊन जाजो."

मी त्या खुर्चीत बसले. धाड तेच, गल्ली तीच, माझं घर तिथून हाकेच्या अंतरावर. पुण्यात लोक विचारतात, घरी कधी जाणार? मी तारीख सांगते, तिकीट काढते, जाते. घर म्हणजे काय असतं ते मला आता चांगलं कळतं, कारण माझं मीच घालवलं. आतून कपबशीचा आवाज आला. मग मामी दारात आली, पदर नीट करून, आणि मला विचारलं,

"साखर किती टाकू?"