चूल न पेटलेल्या गल्लीतलं जेवण

गल्लीत शिरले, तर फोडणीचा वासच नाही. जेवणाची वेळ तासाभरावर आलेली. शोभाताईंच्या खानावळीचं शटर अर्धं खाली, शेजारच्या दोन्ही खानावळींना कुलूप. आणि तिकडे देवळात माझी चाळीसेक माणसं दर्शनाच्या रांगेत, सकाळपासून चहा-बिस्किटावर. बाहेर आल्याबरोबर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "मॅडम, जेवण कुठंय?"

मी टूर मॅनेजर आहे. बसमध्ये माइक घेऊन भजनं म्हणायला लावणारी बाई, एवढंच लोकांना दिसतं. खरं काम पोटाचं. आमच्या भाषेत प्रवाशाला 'पॅक्स' म्हणतात. चाळीस पॅक्सना ठरलेल्या पैशांत, ठरलेल्या वेळेला, पोट न बिघडवता जेवू घालायचं, ही माझी नोकरी. घरी परतल्यावर लोक देवाबद्दल गोड बोलतात आणि भाजीवरून भांडतात. त्यांचंही चुकत नाही म्हणा, पैसे मोजलेले असतात.

कारंजा लाडला देवळाच्या आजूबाजूला पाट्याच पाट्या. सगळेच शुद्ध शाकाहारी, सगळेच घरगुती. गर्दीच्या गावातलं हॉटेल एका गोष्टीच्या भरवशावर चालतं, की आज आलेलं गिऱ्हाईक उद्या येणार नाही. म्हणून मी पाटी वाचत नाही. मागच्या दाराला जाऊन भांडी कशात धुतात ते बघते. रिक्षावाले आणि एसटीचे कंडक्टर कुठं जेवायला बसतात ते बघते, कारण ते रोजचे असतात. शोभाताईंची खानावळ मला अशीच सापडली. पत्र्याचं छप्पर, चार बाकडी, शोभाताई आणि त्यांची सून मंदा. पोळी तव्यावरून थेट ताटात. गेली कित्येक वर्षं आमच्या बसेस तिथंच थांबतात.

समोरच्या घरातून शोभाताई बाहेर आल्या. डोक्यावर पदर, डोळे सुजलेले.

"ताई, आज चूल नाई पेटत. समोरचे नामदेवराव गेले पहाटंच. पोरगी पुण्याहून येऊन राह्यली. थे आल्याबिगर नेत नाईत."

गल्लीत मयत असली की ती उचलेपर्यंत आजूबाजूच्या घरांत चूल पेटवत नाहीत. मी मंगरूळपीरची, मला हे कोणी समजावून सांगायला नको होतं. पण हे आता खेड्यातच राहिलं असेल असं मी धरून चालले होते. यात्रेकरूंवर जगणारी गल्ली, ऐन गर्दीचा दिवस, आणि तिन्ही खानावळी बंद! माझं डोकं फिरलं.

"अहो, मग फोन तरी करायचा!"

"केला व माय. किती डाव केला. लागेच ना."

आसेगाव सोडल्यापासून कारंज्यात शिरेपर्यंत माझ्या फोनला रेंज नव्हती, हे खरं. पण राग आला की खरं-खोटं कोण बघतं?

"चूल नाही ना पेटवायची? मग गॅसवर करा."

"गॅस काय अन् चूल काय. इस्तू तं इस्तूच." विस्तवाला आमच्याकडे इस्तू म्हणतात.

"कोण लागतात ते तुमचे? त्यांच्याशी तर तुमचं बोलणंसुद्धा नव्हतं." हे मला ठाऊक होतं. नालीच्या पाण्यावरून दोन्ही घरांचं वाजलं होतं, आणि त्याची साग्रसंगीत कहाणी मी दर खेपेला ताटावर बसून ऐकली होती.

शोभाताईंनी माझ्याकडे पाहिलं. "बोलणं नोतं. पण शेजारी तं लागते ना थे मले."

मी गल्लीच्या तोंडाशी आले आणि अकोल्याच्या ऑफिसात फोन लावला. आमचे मालक वाईट माणूस नाहीत. पण त्यांना गाव दिसत नाही, वेळापत्रक दिसतं.

"तिच्या घरचं कोणी गेलंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही सर. शेजारी."

"मग हा काय प्रकार आहे? बुकिंग घ्यायचं आणि ऐन वेळी शटर ओढायचं? बायपासवर ते नवीन फॅमिली रेस्टॉरंट झालंय, तो माणूस मला रोज फोन करतो. आजचं जेवण आजच्या आज तुम्ही कुठूनही उभं करा. आणि पुढच्या यात्रेपासून ती खानावळ बंद. भरवसा नसलेली जागा आपल्याला नको."

फोन ठेवला आणि त्या शटरकडे वळून पाहिलं. शोभाताईंना नवरा नाही, मुलगा सुरतेला कारखान्यात, घरी येतो तो पाहुण्यासारखा. गर्दीचे दिवस सरले की त्या खानावळीत रिक्षावाले आणि आमच्या बसेस, एवढीच माणसं. आमच्या बसेस गेल्या तर ते शटर अर्धं नव्हे, पुरतंच खाली येणार होतं.

पण आधी चाळीस पोटं. कोपऱ्यावरच्या मोठ्या हॉटेलात गेले. दारात माणसांचा घोळका, आत खुर्चीमागे उभी राहून वाट बघणारी माणसं. हॉटेलवाला ओळखीचं हसला. "या ना मॅडम. दीड-दोन तास थांबावं लागेल. तुमचं अन् ड्रायव्हरचं एफओसी." एफओसी म्हणजे फुकट. गिऱ्हाईक आणणाऱ्याला फुकट जेवण, ही आमच्या धंद्यातली जुनी रीत. ते फुकटचं जेवण शेवटी प्रवाशाच्याच ताटातून निघतं. थाळीचा भाव शोभाताईंच्या तिप्पट. सवयीनं मागच्या बाजूला गेले. एकाच टबात सगळ्या ताटल्या बुचकळत होते, आणि टबातल्या पाण्याला भाजीचा रंग आलेला. तशीच परतले. भक्तनिवासात विचारलं, तर तिथली महाप्रसादाची कूपनं सकाळीच संपलेली. बायपासच्या हॉटेलात फोन केला. तो रोज फोन करणारा माणूस आज म्हणाला, "संध्याकाळी पाहू मॅडम."

पुन्हा शोभाताईंकडे आले. मालक काय म्हणाले, ते त्यांना सांगून टाकलं. लपवून ठेवणं मला जमलं नाही. वाटलं, ऐकून तरी विरघळतील.

त्या म्हणाल्या, "नाव कापा मंग. मी काय म्हणू? पण आज इस्तू पेटव म्हणू नका, ताई. थ्या पोरीनं गल्लीत पाय ठेवला अन् तिले माह्या घरून तळणाचा वास आला, तं मी तिले तोंड कसं दाखवू?"

मला रागही येत होता आणि लाजही वाटत होती. मी जायला वळले, तशी त्यांनी हाक मारली.

"इस्तू पेटवायचा नाई. माणसं उपाशी ठेवायची, असं कोण म्हणलं? कच्चा चिवडा चालते का तुमच्या लोकायले?"

वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. मुरमुरे, शेंगदाणे, डाळ्या, त्यावर कच्चं तेल, तिखट, मीठ, चिरलेला कांदा, कोथिंबीर. हातानं कालवायचं की झालं. विस्तवाचं काम नाही. आमच्याकडे पाहुणा आला की पहिला हाच मान.

शोभाताईंनी कोठी उघडली. पोतंभर मुरमुरे, गूळ, फुटाणे, काकड्या, रात्रीच विरजलेलं दह्याचं पातेलं. स्वतः त्या समोरच्या घरी बायकांत जाऊन बसल्या आणि मंदाला माझ्याबरोबर दिलं. गल्लीबाहेर धर्मशाळेचा ओटा होता. तिथं पराती मांडल्या.

तेवढ्यात माणसं दर्शन करून आली. मी माइक घेतला नाही. नुसतंच मोठ्यानं, आहे ते खरं सांगितलं. मयत उचलल्यावर इथंच चूल पेटेल, जेवण संध्याकाळी मिळेल, तोवर हे. ज्यांना जमणार नसेल त्यांना मी हॉटेलात नेते, पण तिथं थांबावं लागेल.

यवतमाळचे खंडारे सर पुढं आले. निवृत्त हेडमास्तर, शुगरचे पेशंट, आणि पहिल्या दिवसापासून तक्रारी घेऊन माझ्या मागे लागलेले. "मॅडम, आम्ही जेवणाचे पैसे भरलेत. मुरमुऱ्याचे नाही."

"बरोबर आहे सर."

"बरोबर आहे म्हणून पोट भरतं का? कोण कुठला माणूस मेला, त्यात आमचा काय दोष?"

मागून इंझोरीच्या लीलाबाई बोलल्या. आमच्या बसमधल्या सगळ्यात म्हाताऱ्या. "मास्तर, दोष कोणाचाच नाई. पण मयत गल्लीत असतानी त्याच गल्लीत ताटं वाढून घेसान काय तुमी? घास उतरंन काय गळ्याखाली?" आणि त्या ओट्यावर बसून कांदे चिरायला लागल्या. त्यांचं बघून आणखी चार जणी बसल्या. यात्रेत कांदा न खाणाऱ्यांसाठी लीलाबाईंनीच वेगळी परात काढली.

मी खंडारे सरांना आधी दही, काकडी आणि फुटाणे नेऊन दिले. गूळ बाजूला ठेवला. त्यांनी खाल्लं सगळं.

दुपारी मी सगळ्यांना गावातली जुनी जैन मंदिरं दाखवायला नेलं. परत आलो, तेव्हा ती पोरगी नुकतीच पोचली होती. बॅग रस्त्यातच टाकून धावत गल्लीत शिरली. तिचं रडणं आम्हाला बाहेर ऐकू आलं. थोड्या वेळानं तिरडी निघाली. माझी माणसं आपणहून भिंतीला लागून उभी राहिली. कोणी टोपी काढली, कोणी हात जोडले. पोरीला सावरून धरणारा हात शोभाताईंचा होता. खंडारे सर तिरडीमागे पाच-पंचवीस पावलं गेले आणि मान खाली घालून परत आले.

बायकांनी गल्ली धुऊन काढली. शोभाताई अंघोळ करून आल्या. मग तिन्ही खानावळींची शटरं वर गेली. पहिलं पिठलं आणि पहिल्या भाकरी झाल्या, त्या ताटाखाली झाकून मंदानं समोरच्या घरी ठेवल्या. कडू घास म्हणतात त्याला. मसणातून माणसं परतली की त्या घरानं पहिला घास शेजाऱ्याच्या हातचा खायचा. त्यानंतर शोभाताईंनी मला बोलावलं.

"बसवा ताई पंगत. वरण-भात, पिठलं, भाकर, ठेचा. आज गोड नाई वाढत मी. आधी सांगून ठेवतो."

आमच्या जेवणात गोड ठरलेलं होतं. एकानंही मागितलं नाही. अशी मुकाट्यानं जेवलेली पंगत माझ्या नोकरीत मी दुसरी पाहिली नाही. दिवेलागणीला बस पोहरादेवीच्या रस्त्याला लागली, ठरल्यापेक्षा कितीतरी उशिरा.

प्रत्येक यात्रेनंतर आमचे मालक काही प्रवाशांना स्वतः फोन करतात. तक्रारी गोळा करायला. त्यांनी पहिला फोन खंडारे सरांना केला. का ते उघड होतं. शोभाताईंचं नाव कापायला त्यांना एक तक्रार हवी होती आणि खंडारे सरांकडे तक्रारींना तोटा नव्हता. मी समोरच्याच खुर्चीत होते. मालकांनी स्पीकर लावला.

"कारंज्याला जेवणाचे फार हाल झाले म्हणे, सर?"

"झाले. जेवण संध्याकाळी मिळालं. गोड दिलं नाही. लिहून घ्या."

मालकांनी माझ्याकडे विजयी मुद्रेनं पाहिलं.

"आणि हेही लिहा," खंडारे सर पुढं बोलले. "मी एकटा राहतो. माझी दोन्ही मुलं परदेशात आहेत. मी गेलो तर ती येईपर्यंत माझ्या बिल्डिंगमध्ये कोणी गॅस बंद ठेवेल, असं मला वाटत नाही. त्या बाईकडचं जेवण बंद करू नका."

फोन ठेवल्यावर मालकांनी पुढच्या यात्रेचं वेळापत्रक समोर ओढलं. मग म्हणाले, "राहू द्या तिला. पण पर्यायी नंबर जवळ ठेवत जा." तो मी आता ठेवते.

नवीन पोरं-पोरी या कामात आली, की मला विचारतात, "मॅडम, देवळाजवळ स्वस्त आणि चांगलं जेवण कसं शोधायचं?" मी सांगते, हॉटेल किती वाजता उघडतं ते बोर्डावर लिहिलेलं असतं. ते कशासाठी बंद राहतं, तेवढं विचारून घ्या.