गरम आमटीची वाटी

गिरगावातल्या आमच्या खानावळीत तो उन्हाळाभर माझ्यासमोर जेवायला बसायचा. विलायतेत शिकून आलाय, एवढं कळलं होतं. नाव मी मुद्दामच विचारलं नाही. विलायतेला मलाही जायचं होतं, पण वडिलांची गिरणीतली नोकरी सुटली आणि मी कारकून झालो.

आमटी आली की तो वाटी दोन्ही तळव्यांत धरून बसे. आम्ही संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यातून घामाघूम होऊन यायचो आणि हा भर मे महिन्यात हात शेकतोय! जेवण झालं की स्वतःचं ताट उचलून मोरीकडे निघायचा. वाढपी ओरडायचा, "अहो, राहू द्या ते ताट!" सगळे हसायचे. मला ती साहेबी ऐट वाटायची.

एकदा वाढप्याने न विचारताच त्याला पुन्हा भात वाढला. तो दचकला. मी खोचकपणे म्हटलं, "काय हो, तिकडे आग्रह करत नाहीत वाटतं?"

"तिकडे वाढायलाच कोण असतं?" तो म्हणाला. "खोलीतली गॅसची शेगडीसुद्धा मीटरमध्ये नाणं टाकलं तरच पेटायची. मी त्या नाण्याचा पाव आणायचो आणि ओव्हरकोट घालून वाचत बसायचो. हात शेकायला चहाचा कप."

सगळे हळहळले. वाढप्याने त्याच्या भातावर तूप सोडलं.

मी आयुष्यात कधी उपाशी राहिलो नव्हतो. तरी त्या गारठलेल्या खोलीचा, त्या सुक्या पावाचा मला असा हेवा वाटला, की मी भरलं ताट तसंच सोडून उठलो.