दुप्पट करा, तीस मिळवा

"एकशे आठ? अगं, तू ताप मोजत होतीस की जपमाळ ओढत होतीस?"

डॉक्टर मोठ्याने हसले. बाकावरचे रुग्णही हसले. साहेब हसले की हसायचं, एवढं आमच्या आरोग्य केंद्रात सर्वांना कळत होतं. साहेबांनी केसपेपर भिरकावला. तो मंजाअक्काच्या पायाशी पडला. अक्का तिथली परिचर, वयाने त्यांच्या आईएवढी.

"पाड्यावरच्यांच्या हाती आकडे दिले की असं होतं." मग माझ्याकडे वळून, "काय मॅडम, खरं ना?"

मी हसले.

मी अक्काच्याच पाड्यावरची. साक्रीच्या पश्चिमेला, जंगलाला लागून. धुळ्याच्या वसतिगृहात राहून पदार्थविज्ञानात बी.एस्सी. केलं, वर तंत्रज्ञाचा कोर्स केला, केंद्राच्या प्रयोगशाळेत लागले आणि गाव विचारलं की 'धुळं' सांगू लागले. अक्काला खरं ठाऊक होतं. तिने ते कधी कुणापाशी काढलं नाही.

एकोणीसशे नव्वदच्या आसपासची गोष्ट. जिल्ह्याहून नवे थर्मामीटर आले होते, सेल्सियसचे. साहेबांना कागदावर फॅरनहाइटच हवा. नर्सची जागा रिकामी, म्हणून ताप बघायचं काम अक्काकडे. आदल्या संध्याकाळी ती माझ्याकडे वही घेऊन आली. नऊने गुणायचं, पाचने भागायचं, बत्तीस मिळवायचे. भागाकारात ती अडली. पुन्हा अडली. माझ्यासमोर मलेरियाच्या काचपट्ट्यांचा ढीग होता.

"जाऊ दे अक्का. दुप्पट कर, तीस मिळव. झालं."

हवेच्या तापमानाचा अंदाज बांधायला आम्ही कॉलेजात वापरायचो तो आडाखा. तो फक्त दहा अंशाला अचूक उतरतो. पुढे प्रत्येक अंशामागे चूक वाढत जाते. हे मला माहीत होतं. एम.एस्सी.चं स्वप्न पाहणाऱ्या मुलीला माहीत नसणार? पण मनात मी ठरवून टाकलं होतं की अक्काला एवढं पुरे. साहेब तिच्याविषयी जे उघड बोलले, ते मी आदल्या दिवशी गुपचूप केलं होतं.

सकाळचा पहिलाच रुग्ण, चार वर्षांचं पोर. साहेब हसत असताना मी उलट गणित केलं. एकशे आठमधून तीस गेले, अठ्ठ्याहत्तर, निम्मे एकोणचाळीस. अक्काने पारा बरोबर वाचला होता. खरा ताप एकशे दोनच्या वर. दोन वाक्यांचं काम होतं. पण पुण्याच्या प्रवेशासाठी साहेबांचं शिफारसपत्र त्या आठवड्यात मिळायचं होतं.

"साहेब, बठ्ठं आंग तपी ऱ्हायनं," पोराची आई म्हणाली.

"आकडाच खोटा, तर तापाचं काय घेऊन बसलीस?" त्यांनी पोराला हात लावला नाही. रक्त तपासायलाही सांगितलं नाही. चार गोळ्या कागदात बांधून दिल्या.

अक्काने माझ्याकडे एकदा पाहिलं. खाली वाकून कागद उचलला.

दुपारी आई परत आली, धावत. पोराला वाटेतच झटके आले होते. आता काचपट्टी माझ्याकडे आली. भिंगाखाली मलेरियाचे जंतू इतके, की मोजायची गरज नव्हती. पोर जगलं. उजव्या हाताची मूठ मात्र त्याला आवळता येईना.

संध्याकाळी अक्का हात धूत होती. मला बघून एवढंच म्हणाली, "तुनं नाव मी लिधं नही."

माझं नाव न घेण्यापेक्षा तिने शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

आठवड्याने पोराच्या प्रकरणाची तक्रार वर जिल्ह्याला गेली. साहेबांनी मला बोलावलं. "परिचराने खोटी नोंद केली, एवढं लिहून सही करा. तिला काढून टाकू. तुमचं पत्रही आजच देतो." पत्र टेबलावर टाइप होऊन तयार होतं.

मी लिहिलं. पारा एकोणचाळीस होता, वाचन बरोबर होतं. रूपांतराची चुकीची रीत मी शिकवली. चूक कळूनही मी गप्प राहिले. रुग्णाला न तपासता परत पाठवण्यात आलं. सही केली.

साहेबांनी वाचलं. "तुम्हीही त्यांच्यातल्याच निघालात."

"हो. त्याच पाड्यावरची."

अक्काची नोकरी राहिली. पत्र मला मिळालं नाही. याला कुणी माझं धैर्य म्हणू नये. आठ दिवस मी जेवत होते, झोपत होते, प्रवेशाचा अर्ज भरत होते.

नंतर पाड्यावर जाऊन पोराच्या आईला मी सगळं सांगितलं. ती तांदूळ पाखडत होती. सूप थांबलं नाही.

"आते सांगीसन काय?"

आता सांगून काय, हे तिचं खरं होतं. माफी मी मागितली नाही. ती मिळाली असती तर मी सुटले असते, आणि मला सुटायचं नाही. आता माझ्यासमोर कुणी कुणाला असं हसलं, तर त्याचं हसू संपायची मी वाट पाहत नाही. खुर्चीत कोणीही असो. माझं काहीही जावो. मी उभी राहते आणि चूक कुणाची ते सांगते. माझी असेल, तर आधी माझी.